उभ्या गाडीचा हिशेब

मे २०२३ मधली एक दुपार. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० साली पाडला गेला होता आणि हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोसोबत नव्या दुमजली पुलाचे काम चालू होते. औंधकडून निघालेली आमची गाडी गणेशखिंड रस्त्यावर थांबली ती थांबलीच. मागे बसले होते नुकतेच रुग्णालयातून घरी निघालेले आमचे सर. आम्ही दोघेही त्यांचे विद्यार्थी. ऊन त्यांना मुळीच सोसणारे नव्हते.

गाडी हायब्रिड, पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटार यांचा जोडसंसार. ब्रेक लावला की बॅटरी भरते, एवढे आम्ही ऐकले होते आणि त्यावरून गर्दीत ती भरतच राहणार, अशी सोयीस्कर समजूत करून घेतली होती. समोरच्या पडद्यावर मात्र एकेक रेघ विझत चालली होती. इंजिन गप्प, एसी चालू. सरांनी विचारले, ''अरे, बंद पडली की काय ही?'' ''नाही सर,'' असे आम्ही म्हणालो खरे. पण हात एसीच्या बटणाकडे गेला होता. बंद करावा तर सरांचे हाल. चालू ठेवावा आणि गाडी चौकातच बसली तर?

दोन रेघा उरल्या आणि इंजिन आपोआप घरघरले. रेघा पुन्हा चढू लागल्या.

नंतर पुस्तिका उघडली तेव्हा उलगडा झाला. ब्रेकमधून मिळणारी वीज ही गतीची परतफेड असते. जी गाडी चाललीच नाही, तिच्याजवळ परत देण्याजोगे काही नसते. उभ्या गाडीत एसी बॅटरीवर चालतो, साठा ठरावीक पातळीखाली गेला की इंजिन पेट्रोल जाळून तो भरते आणि पुन्हा गप्प होते. उन्हाळ्यात एसीला वीज अधिक लागते, म्हणून इंजिनालाही वरचेवर उठावे लागते. बॅटरीलाही गारवा हवा असतो. त्यासाठीचा झरोका मागच्या आसनाखाली होता आणि नेमकी त्याच्यासमोर आम्ही सरांची पिशवी ठेवली होती!

पेट्रोल वाचवणारी गाडी घेतली, या समाधानात आम्ही वर्षभर वावरलो होतो. त्या दुपारी एक पाऊलही पुढे न सरकता आम्ही पेट्रोल जाळत होतो, आणि आतली उष्णता बाहेर टाकत होतो. बाहेर शेजारीच एक रिक्षावाला ओल्या फडक्याने मान पुसत होता. आमचे लक्ष रेघांवर. त्याच्याकडे पाहिले ते सरांनी. त्यांनी काच खाली केली आणि आपली पाण्याची बाटली त्याला दिली. गरम झोत आत आला. ''सर, काच लावा,'' असे आमच्या ओठांवर आले होते. ते बोललो नाही, एवढेच त्या दिवशीचे आमचे पुण्य.