वहिनीची दुपार

माझ्या वहिनीचं माहेर आक्षीचं आणि सासर नागावचं. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही दोन गावं एकमेकांना इतकी खेटून आहेत, की एक कुठे संपलं नि दुसरं कुठे लागलं हे नवख्याला कळत नाही. तरी सासूच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, आजारपणात वहिनीला माहेर दुरावलं. ती आईजवळ जाऊन टेकते न टेकते, तोच निरोप यायचा: सासूबाई वाडीत दिसत नाहीत.

आत्याला डिमेन्शिया होता. गावात त्याला म्हातारचळ म्हणतात, ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात. सकाळी ती बरी असायची. पडवीत भिजवलेले वाल सोलायला बसली की बोटं आपसूक चालत. टोकाशी चिमटा, दाणा वाटीत, साल परातीत. मधेच उलट व्हायचं, सालं वाटीत जायची आणि दाणे परातीत. वहिनी काही न बोलता दाणे वेचून घ्यायची, त्याच वालांचं बिरडं करायची आणि जेवताना म्हणायची, “आई, आज छान सोललेत हो वाल.” आत्याचा चेहरा खुलायचा. हे वहिनीला कुणी शिकवलं नव्हतं.

दिवेलागणीला मात्र घालमेल सुरू व्हायची. ज्या घरात उभा संसार केला, त्याच घरात बसून आत्या म्हणायची, “मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल.” हातात पिशवी घेऊन पोफळींमधून वाट काढत ती रस्त्याला लागायची. नागावात आता जागोजागी पर्यटक उतरतात. शनिवार-रविवारी वहिनीच्या एका हाताला पाहुण्यांची ताटं असायची आणि डोळा बेड्याकडे. तेवढ्यातही आत्या निसटायची. मग एखादा मिनीडोअरवाला तिला ओळखायचा. “बसा मावशी, घरी सोडतो,” म्हणून गाडीत घ्यायचा, जरा पुढे नेऊन वळवायचा आणि आमच्याच दारात उतरवायचा. घरी पोचलो या समाधानात ती आत यायची. त्या माणसाने वाद घातला नाही, तुमचं घर मागेच राहिलं असं समजावत बसला नाही. डिमेन्शियाच्या माणसाशी कसं बोलावं, हे त्याच्याइतकं नेमकं मी क्वचितच पाहिलं आहे.

असा शेजार आपल्या किनाऱ्यावर अजून आहे, याचं मला फार मोल वाटतं. पण या सगळ्यांनी आत्याला सांभाळलं. वहिनीला झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, कारण तीच ढासळली असती तर आत्याचं कुणीच उरलं नसतं.

अशा आजारांसाठी सरकारी पातळीवर काहीच नाही असं नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६चा. महाराष्ट्रात तो सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत आला, त्यांत आपला रायगड होता. तरीही मेंदूविकाराच्या डॉक्टरांसाठी इथला माणूस मुंबईकडेच बघतो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद पडल्या की बहुतेकांना वडखळचा रस्ता धरावा लागतो. आपण कुठे चाललो हेच ज्याला उमगत नाही, अशा माणसाला घेऊन तो प्रवास करणं काय असतं, ते केलेल्यालाच ठाऊक.

याच जिल्ह्यात कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना उचलून, औषधोपचार करून, त्यांच्या गावी, त्यांच्या माणसांत पोचवायचं काम ते करतात. डॉ. भरत यांना त्यासाठी २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण घरी पोचल्यावर पुढचं सगळं त्या घरावरच येतं. गोळ्या वेळेवर देणं, रात्री दाराला कडी घालणं, लोकांच्या नजरा सोसणं.

म्हणून मला गोव्यातलं एक काम सारखं आठवतं. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत डिमेन्शियाचं माणूस घरी असलेल्या ८१ कुटुंबांबरोबर ते केलं. गावातल्याच साध्या माणसांना थोडं प्रशिक्षण दिलं. सहा महिने ती घरोघरी जात राहिली. आजार काय आहे ते समजावत, चिडचिड वाढली तर काय करायचं ते सांगत, घरच्यांचं ऐकून घेत. मागे डॉक्टरांचा आधार होता. २००८ साली निष्कर्ष छापून आले, त्यात सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण लक्षणीय कमी झालेला दिसला. त्यासाठी मोठी इमारत लागली नाही की महागडं यंत्र लागलं नाही. गोव्याच्या गावात जमलं ते चौल-रेवदंड्याला का जमू नये? आपल्याकडे आशाताई आहेत, बचत गट आहेत, दुपारी मोकळी असणारी निवृत्त शिक्षकमंडळी आहेत.

आणि गरज लहान नाही. देशभरच्या पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचं सांगतो, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यांतल्या बहुतेकांच्या मागे एक वहिनी, एक सून, एक लेक किंवा म्हातारा नवरा उभा असणार.

तुमच्या आळीत असं घर असेल तर सल्ला द्यायला जाऊ नका. आठवड्यातली एक दुपार तिथे जाऊन बसा. आजीबरोबर वाल सोला, तोच प्रश्न दहांदा आला तर दहांदा उत्तर द्या, आणि घरच्या बाईला सांगा, जा, तू माहेरी जाऊन ये. तिला बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लिहून द्या. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. विसरभोळेपणा वाढतोय असं दिसलं तर लवकर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दाखवायला सांगा, सोबत लागली तर तुम्हीच जा.