बंद पडलेला संगणक आणि अकरा वर्षांच्या नोंदी

संगणक मंदावला म्हणजे त्यात व्हायरस शिरला आणि तो सुरूच झाला नाही म्हणजे ‘गेला’, अशी दोन निदाने आपल्याकडील बहुतेक घरांत काहीही न तपासता केली जातात. पहिल्यावर उपाय म्हणून एखादा सफाईचा प्रोग्रॅम टाकला जातो. दुसऱ्यावर उपाय म्हणून डिस्क पुसून सारे नव्याने बसवले जाते. या उपायांनी यंत्र कधी कधी चालूही लागते. पण बिघाड कशाने झाला ते कळत नाही, आणि पुसले गेलेले परत येत नाही.

इंदूरमधील एका मराठी घरात २०२५ च्या उन्हाळ्यात हाच प्रसंग आला. घरातील आजोबा निवृत्त विज्ञानशिक्षक. २०१४ पासून ते आपल्या वस्तीतील काही झाडांच्या नोंदी ठेवीत आले होते. फाटकाजवळचा बहावा, ज्याला इंदूरचे लोक अमलतास म्हणतात. मैदानाच्या कडेचे पळस. मागील दारचा आंबा आणि एक जुना कडुनिंब. पानगळ केव्हा सुरू झाली, पालवी केव्हा फुटली, पहिले फूल कोणत्या दिवशी दिसले, आणि त्या त्या दिवसाचे कमाल व किमान तापमान किती होते, एवढेच त्यात असे. आधी वहीत आणि मग दर रविवारी संगणकात, असा क्रम होता. पुढे घराला रंग देताना वह्या रद्दीत गेल्या, कारण ‘सगळे संगणकात आहे’ अशी सर्वांची समजूत होती. ती खरीही होती. मात्र त्या ‘सगळ्या’ची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

मार्चपासून संगणक मंदावत गेला. मे महिन्यातील एका सकाळी आजोबांनी ‘रीस्टार्ट’ निवडले, आणि पडदा कंपनीच्या बोधचिन्हावर येऊन थांबला तो थांबलाच. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पुढे काही घडत नव्हते. दुरुस्तीच्या दुकानातील तंत्रज्ञाने दहा मिनिटांत सांगितले, “फॉरमॅट मारावे लागेल.” आतल्या फायलींचे काय, या प्रश्नावर उत्तर आले, “त्या जातील.” आजोबांनी यंत्र परत घरी आणले. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी नात सुटीत घरी होती. काम तिच्याकडे आले.

तिचा पहिला प्रश्न यंत्राविषयी नव्हता. “आजोबा, हळू म्हणजे नेमके काय होत होते?” झाडांचे निरीक्षण करणाऱ्या माणसाने संगणकाचेही निरीक्षण केले होते. डायरीत त्यांनी लिहून ठेवले होते: एकच फाईल उघडली तरी वेळ लागतो, पहाटे गारव्यातही लागतो, या वर्षाची फाईल लगेच उघडते, जुन्या फायलींना काही मिनिटे लागतात, मध्येच ‘टिक टिक’ असा आवाज येतो.

या चार ओळींनी निम्मे काम केले. रॅम अपुरी पडत असती, तर अनेक प्रोग्रॅम एकदम उघडल्यावर वेग घटला असता. धुळीने पंखा तुंबून प्रोसेसर तापत असता, तर दुपारी त्रास अधिक आणि पहाटे कमी झाला असता, कारण ठरावीक मर्यादेपलीकडे तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती उतरवतो. पण मंदपणा वेळेवर किंवा ओझ्यावर अवलंबून नव्हता. कोणती फाईल उघडली, म्हणजे डिस्कच्या कोणत्या भागातून माहिती वाचली, यावर तो अवलंबून होता.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या फिरत असतात. मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. एका फेरीस सुमारे ८.३ मिलिसेकंद. एखादा सेक्टर नीट वाचला गेला नाही, तर डिस्क लगेच हार मानत नाही. तो भाग पुन्हा वाचकाखाली येईपर्यंत एक फेरी थांबते आणि पुन्हा प्रयत्न करते. असे शंभर प्रयत्न झाले की एकाच सेक्टरवर पाऊण सेकंदाहून अधिक वेळ जातो. दुबळे सेक्टर शेकड्यांनी असतील, तर साधी फाईल उघडायला मिनिटे लागतात.

तरीही अनुमान म्हणजे सिद्धता नव्हे. नातीने एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम धरला आणि प्रत्येक पायरी आजोबांच्या डायरीत लिहिली. भिंतीवरील जोडणी काढून तिने पेटी उघडली, धूळ झटकली; फरक नाही. रॅमची पट्टी काढून तिचे संपर्कबिंदू खोडरबराने हलकेच पुसले व ती पुन्हा बसवली, फरक नाही. मग हार्ड डिस्कची केबल काढली. काही सेकंदांत यंत्र बोधचिन्हाच्या पुढे गेले आणि ‘डिस्क सापडत नाही’ असे सांगू लागले. केबल पुन्हा जोडताच ते पूर्वीच्याच जागी अडले. केबल बदलली, मदरबोर्डवरील जागा बदलली, तरी तसेच. सुरू होताना यंत्र डिस्कला हाक मारीत होते आणि तिच्या उत्तराची वाट पाहत थांबून राहत होते. वीज, रॅम, मदरबोर्ड यांवरचा संशय एका केबलने दूर केला.

मध्येच एक चकवाही लागला. बायोसमधील तारीख कित्येक वर्षे मागची दिसत होती. मदरबोर्डवरील तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला होता. रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची घरातील सवय असल्याने घड्याळ त्या सेलवरच चालत असे. दोष खरा होता, पण यंत्र अडण्याचे कारण तो नव्हता. सेल बदलल्यावर तारीख सुधारली, संगणक मात्र सुरू झाला नाही. सापडलेला प्रत्येक दोष म्हणजे शोधत असलेले कारण नव्हे, हे प्रयोगशाळेतही अनेकदा विसरले जाते.

आता मोह होता तो डिस्क ‘दुरुस्त’ करणारा प्रोग्रॅम चालवण्याचा. मरू घातलेल्या डिस्कवर असे प्रोग्रॅम सर्वांत घातक ठरू शकतात. ते डिस्कला राबवतात आणि तिच्यावर नव्याने लिहितातही. योग्य क्रम उलटा असतो: आधी प्रत, मग उपचार. नातीने डिस्क काढून लिनक्स असलेल्या एका लॅपटॉपला जोडली आणि ‘डीडीरेस्क्यू’ हा मुक्त प्रोग्रॅम वापरला. तो प्रथम सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, अडलेल्या जागांचा नकाशा ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. वाचवता येईल ते आधी वाचवावे, हट्ट नंतर करावा, असा त्याचा साधा विवेक आहे. टेबलफॅनच्या वाऱ्याखाली हे काम रात्रभर चालले.

सकाळी जवळजवळ सारे हाती आले होते. अकरा वर्षांच्या अकरा फायलींपैकी दहा उघडल्या. २०१९ ची उघडली नाही. त्या फाईलचा मोजकाच भाग खराब सेक्टरवर होता. पण आजच्या स्प्रेडशीट फायली आतून दाबून बांधलेल्या गाठोड्यासारख्या असतात, एक गाठ तुटली तरी सारे अडकते. तीच माहिती साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असती, तर खराब ओळी सोडून उरलेले वर्ष सहज वाचता आले असते.

२०१९ ची छायाचित्रे मात्र शाबूत होती. प्रत्येक छायाचित्रात ते काढल्याची तारीख नोंदलेली असते. त्यांवरून बहावा, पळस आणि आंबा यांच्या पहिल्या फुलोऱ्याच्या तारखा परत मिळाल्या. कडुनिंबाचे छायाचित्र नव्हते आणि तापमानाला तर दुसरा आधारच नव्हता. नात म्हणाली, “कडुनिंबाचे तुम्हाला आठवत असेल ना? अंदाजे तारीख टाकू या.” आजोबांना आठवतही होते, किंवा तसे वाटत होते. ते म्हणाले, “आठवण ही नोंद नव्हे, बाळ. तिथे रिकामी जागाच राहू दे.” मग तक्त्यात एक नवा रकाना आला: ‘नोंदीचा आधार’. त्या तीन तारखांपुढे ‘छायाचित्र’ असे लिहिले गेले, आणि बाकीचे २०१९ कोरे राहिले.

एका वस्तीतील चार जातींच्या झाडांवरून हवामानबदलाविषयी कोणताही निष्कर्ष निघत नाही. पण अशा नोंदींचे मोल काळाबरोबर वाढते. जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून मिळतात, आणि दरबारातील रोजनिश्यांतून गोळा झालेल्या त्या तारखा आज हवामानाच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात. भारतात ‘सीझनवॉच’सारख्या लोकविज्ञान प्रकल्पांत विद्यार्थी आणि नागरिक झाडांच्या ऋतुचक्राची निरीक्षणे नोंदवतात. भारतीय हवामान खाते १८७५ पासूनचे असले, तरी एखाद्या गल्लीतील बहावा केव्हा फुलला हे त्या गल्लीतील माणूसच सांगू शकतो. तो दुवा कित्येकदा घरच्या एका डिस्कवर टांगलेला असतो.

चंद्रयान-२ चे लँडर २०१९ मध्ये अलगद उतरू शकले नाही. त्यानंतर इस्रोने चंद्रयान-३ ची आखणी ‘काय बिघडू शकेल’ या प्रश्नापासून केली: पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढवले, उतरण्याची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटरवरून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर इतकी विस्तारली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते यान उतरले. घरच्या संगणकालाही हाच प्रश्न लागू पडतो, आणि त्याचे उत्तर फार स्वस्त आहे: महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर, आणि वर्षातून एकदा तरी त्या प्रतीतील फाईल खरोखर उघडून पाहणे. कधीही उघडून न पाहिलेला बॅकअप ही केवळ आशा असते. संगणक अचानक मंदावला, डिस्कमधून अनोळखी आवाज येऊ लागला, तर आधी प्रत घ्यावी. कारण शोधायला पुढे भरपूर वेळ असतो.