‘कितीला देशील?’

जुन्या साड्यांच्या गोधड्या मी हौसेने शिवते. पण कुणी बघितली की लगेच ‘अगं, असंच, टाइमपास’ म्हणत घडी घालून कपाटात! फुकट द्यायला एका पायावर तयार; ‘कितीला देशील?’ विचारलं की मात्र घसा कोरडा.

कामासाठी माण तालुक्यात, म्हसवडला गेले होते. इथल्या माणदेशी महिला बँकेचा किस्सा भन्नाट आहे. सभासद बायका अंगठाबहाद्दर, म्हणून रिझर्व्ह बँकेने चेतना गाला सिन्हा यांचा पहिला अर्ज नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा धडकल्या आणि म्हणाल्या, व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय जमतंय का बघा! १९९७ मध्ये लायसन्स मिळालं.

बाजारात घोंगड्या विकणाऱ्या एका मावशींनी एसटीत पांघरायला नेलेली माझी गोधडी हातात घेतली. आधी उलटी करून मागची बाजू बघितली.

‘टाका बारीक हाय. किती दिस लागलं?’

‘वीस.’

‘मग वीस दिसांची मजुरी धर की, पोरी.’

रात्री, कधीपासून गोधडी मागणाऱ्या पुण्यातल्या मैत्रिणीला फोनवर आकडा सांगितला. ती दोन सेकंद गप्प. ‘कमी करेन गं’ अगदी ओठांवर आलं होतं. मीही गप्प बसले.