गाडी उलाळली



या पानांवर सहसा सणांविषयी, प्रार्थनालयाविषयी, गावाकडच्या आठवणींविषयी मजकूर येतो. आज आम्ही बोटीच्या ट्रेलरविषयी लिहीत आहोत. हसू नका. आपल्या समाजातली मुलं-नातवंडं आता होड्या घेतात, त्या मोटारीमागे जोडून किनेरेतला नेतात, आणि या उन्हाळ्यात दोन घरांतून आम्हाला एकच प्रश्न आला : "ट्रेलर मागे हलतो, ते साधं आहे का?" नाही, साधं नाही. आम्ही त्यातून गेलो आहोत.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ. थोरला अश्दोदच्या बंदरात तीस वर्षं क्रेनवर होता, धाकटा तिथेच गोदामात. यातलं कोणतं वाक्य कोणाचं ते विचारू नका, त्यावरून आमची अजून भांडणं होतात.

२००७ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी पैसे घालून एक जुनी बोट घेतली. साडेचार मीटर लांबीची, मागे चाळीस घोड्यांचं इंजिन. ज्या गृहस्थांकडून घेतली त्यांनी ट्रेलरही दिला. तो दुसऱ्याच एका आखूड बोटीचा होता, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बोटीची मागची बाजू ट्रेलरच्या बाहेर लोंबत होती. आम्हाला वाटलं, बोटी अशाच असतात.

मुलांच्या सुट्टीत एका मंगळवारी निघालो. गाडीत आम्ही दोघे आणि मागे तीन नातवंडं. पेट्रोलची टाकी बोटीत इंजिनाशेजारी ठेवली, कारण नळी तिथेच लागते. पिण्याच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅनही बोटीच्या शेपटाकडे, कारण उतरवायला तिथून सोपे. जन्मभर बंदरात लोकांची जहाजं भरली, कुठलं वजन कुठे ठेवायचं यावरून कप्तानांच्या शिव्या खाल्ल्या, आणि स्वतःच्या बोटीच्या वेळी ती अक्कल घरी ठेवून आलो.

सपाट रस्त्यावर काही कळलं नाही. जरा वेग वाढला की मागून कोणी शेपूट हलवल्यासारखं वाटायचं, एवढंच. धाकटा म्हणाला, "वारा आहे." गोलानी जंक्शनच्या पुढे तिबेर्याकडे उतार लागतो. किनेरेतचं पाणी समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली आहे, म्हणजे रस्ता उतरतो तो खरोखरीचा उतरतो. वेग नव्वदच्या आसपास गेला असेल. शेजारून एक मोठा ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर डावीकडे गेला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, पहिल्यापेक्षा जास्त. आरशात कधी पूर्ण बोट दिसायची, कधी काहीच नाही. धाकट्याने चाक उलट फिरवलं, तर झोका वाढला. ब्रेकला पाय लावला, तर मागून बोटीने असं ढकललं की आमच्या गाडीची मागची चाकंच सरकली. मुलं ओरडत नव्हती. ती गप्प झाली होती, तेच आम्हाला आजही आठवतं.

थोरला ओरडला, "काही करू नकोस! सरळ धर!" धाकट्याने चाक दोन्ही हातांनी सरळ धरलं, पाय दोन्ही पेडलांवरून काढला. आमचं नशीब की तिथे उतार जरा कमी होता. वेग हळूहळू साठवर आला आणि झोके आपोआप थांबले. कडेला थांबून आम्ही उतरलो. दोघांचेही पाय थरथरत होते. बोट पाण्यात घातलीच नाही. चाळीसच्या वेगाने, मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकत परत आलो.

त्या शब्बाथला तोऱ्यासमोर दोघांनी बिरकत हागोमेल म्हटलं आणि रविवारी घरी मलिदा केला, एलियाहू हन्नाबीच्या नावाने. मलिद्याला मामा आले. आईचा धाकटा भाऊ, तेव्हा वय वर्षं ८२. आता ते नाहीत. ते अलिबाग तालुक्यात वाढले, कुलाबा जिल्ह्यात. त्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळालं, पण मामांनी ते कधी तोंडात घेतलं नाही. तरुणपणी त्यांनी बैलगाडी हाकली होती. भाताची पोती, तेलाचे डबे, लागेल ते. मोटार त्यांनी आयुष्यात चालवली नाही. पोहे, ओलं खोबरं आणि साखर चिवडत त्यांनी सगळी हकीकत ऐकली. मग म्हणाले, "बोट कुठाय?"

अंगणात गेलो. मामांनी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, जिथे तो मोटारीच्या हुकावर बसतो तिथे, खालून दोन बोटं लावली आणि उचललं. ६२० किलोचा डोलारा, आणि त्याचं तोंड ८२ वर्षांच्या माणसाच्या दोन बोटांवर वर आलं! मामा म्हणाले, "अरे गाढवांनो, गाडी उलाळलीय."

मुलांनो, हा शब्द तुम्हाला माहीत नसेल. बैलगाडीला चाकं दोनच. मधे आस, पुढे बैलांच्या मानेवर जू. ओझं आसाच्या मागे जास्त झालं की जू वर उचललं जातं, गळ्याखालचा पट्टा बैलाला काचतो, आणि चढावर तर गाडी मागेच कलंडते. याला म्हणायचं गाडी उलाळली. ओझं फार पुढे गेलं तर उलटं : सगळा भार बैलांच्या मानेवर, चार कोसांत मान सोलून निघते. म्हणून गाडीवान पोती अशी रचतो की भार थोडासा पुढे राहावा. मामा म्हणायचे, "बैलाला गाडी आहे हे कळलं पाहिजे, पण ती छळता कामा नये."

गंमत बघा, हिब्रूत ट्रेलरला अगालाच म्हणतात, म्हणजे गाडी. आणि मोटारीमागच्या हुकाला वाव. वाव हे अक्षर दिसतंही आकड्यासारखंच, आणि शमोथच्या पुस्तकात मिश्कानच्या खांबांचे आकडे तेही वावच. शाळेत शिकलेलं कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

आता मोटारीत बैल नाही, मग शेपटाकडचं ओझं काय बिघडवतं? मोठ्या नातवाने हे आम्हाला समजावलं. बाणाचं टोक जड असतं, म्हणून तो सरळ जातो. तोच बाण उलटा फेका, लगेच गरकन वळतो. ट्रेलरचंही तसंच. वजन चाकांच्या पुढे असेल तर धक्का बसला तरी तो पुन्हा रांगेत येतो. वजन मागे असेल तर शेपूट झोका घेतं, मोटारीची मागची बाजू ओढतं, आणि वेग जितका जास्त तितका प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. उतारावर ट्रेलर वरून ढकलतही असतो. पोराने खेळण्यातल्या मोटारीमागे दोन चाकांची गाडी बांधून, फळीच्या उतारावर, नाणी कधी पुढे कधी मागे ठेवून दाखवलं. मागे नाणी ठेवली की दर वेळी उलटी. तुम्हीही करून बघा, पण आजीची चांगली फळी घेऊ नका.

मग मामांनी आमच्याकडून सगळं पुन्हा भरून घेतलं, अगदी त्या मंगळवारी होतं तसं. मोजायला लागला न्हाणीघरातला वजनकाटा. जमीन सपाट हवी, चाकांना दगडांची उटी हवी, म्हणजे ट्रेलर पळणार नाही. काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करायचा, असा की त्यावर टेकवलेलं ट्रेलरचं तोंड मोटारीच्या हुकाच्या उंचीवरच राहील आणि ट्रेलर आडवा, पातळीत असेल. पुढचं छोटं चाक वर घ्यायचं, नाहीतर भार तेच पेलतं आणि काटा खोटं बोलतो. हात सोडायचे आणि आकडा वाचायचा.

आकडा आला ६ किलो.

हुकावर साधारण एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार असला म्हणजे ट्रेलर शहाण्यासारखा चालतो. ६२० किलोला ते ४३ ते ६२ किलो झाले. आमचा एक टक्कासुद्धा नव्हता. पण फार जास्तही चालत नाही. मोटारीचं ढुंगण खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात, सुकाणू आणि ब्रेक ऐकत नाहीत, दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात. म्हणून हुकावरच्या पट्टीवर आणि मोटारीच्या पुस्तकात जास्तीत जास्त भार लिहिलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. आमच्या हुकावर ७५ किलो लिहिलं होतं. पाच वर्षं ती पट्टी डोळ्यांसमोर होती, कधी वाचली नाही.

पाण्याचे कॅन बोटीतून काढून मोटारीत ठेवले. काटा २६ वर. पेट्रोलची टाकी शेपटाकडून पुढे आणून घट्ट बांधली. ४०. एवढ्यावरच आमच्या चेहऱ्यांवर हसू आलं, कारण एक पैसा खर्च झाला नव्हता. मामा मात्र म्हणाले, "पोटात पाणी आहे का बघा." बोटीच्या तळाचं बूच काढलं तर भसाभसा पाणी! ताडपत्रीतून अंगण धुतानाचं झिरपलेलं असणार. चढावर ते सगळं धावत शेपटाकडे जातं, आणि पाणी लिटरला एक किलो. बूच काढूनच ट्रेलर ओढावा. आणि बोट पाण्यात घालताना ते परत लावावं, हे वेगळं सांगायला नको असं कोणी म्हणेल. आम्ही सांगतो.

पाणी निघालं तरी मागची बाजू लोंबत होतीच. ते काम आमचं नव्हतं, गॅरेजवाल्याकडे नेलं. त्याने आस सैल करून दहा सेंटिमीटर मागे सरकवला आणि बोटीच्या मागच्या फळीखाली आधार येईल अशा लाकडी पट्ट्या लांबवल्या. इंजिन टांगलेली ती फळी अधांतरी राहिली तर बोटीचा तळच वाकतो. कागदपत्रांचं आणि तपासणीचंही त्यानेच बघितलं. हे घरी हातोडी घेऊन करू नका. पैसे वाचतील, पण विमेवाला आणि पोलीस दोघेही नंतर विचारतील. मग काटा ५५ दाखवू लागला.

टायरांची हवा, दिवे, साखळ्या हे तर आहेच. साखळ्या तोंडाखालून कैचीसारख्या एकमेकींवरून घ्याव्या, म्हणजे हुक सुटलाच तर तोंड जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतं. हुक बसला की नाही हे नुसतं बघून कळत नाही. पुढचं छोटं चाक फिरवून तोंड उचलून बघा. मोटारीची मागची बाजू सोबत उचलली गेली तर बसला. आणि एवढं करूनही रस्त्यावर झोका आलाच तर चाक सरळ धरा, पाय काढा, वेग आपोआप उतरू द्या. जोरात ब्रेक नको, चाकाशी झटापट नको, आणि वेग वाढवून निसटायची हुशारी तर अजिबात नको. मग थांबून सामान बघा.

दोन आठवड्यांनी पुन्हा निघालो. थोरल्या वहिनींना त्यांचा काटा परत मिळाला नव्हता, त्यामुळे त्या बोलत नव्हत्या. मुलांच्या आयांनी मुलं द्यायला आढेवेढे घेतले, ते बरोबरच होतं. शेवटी मोठा नातू एकटा आला, आणि मामा. मामांनी टोपी घातली होती, डब्यात बोंबलाची चटणी घेतली होती. निघण्याआधी ते हळूहळू मागे गेले, वाकले, आणि ट्रेलरच्या तोंडाखाली तीच दोन बोटं लावली. जोर केला. मग सगळा हात लावला. मग दोन्ही हात.

"नाही उचलत," ते म्हणाले, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. "चला."