खिशातला गंज

तोक्योचा हिवाळा कागदावर पाहिला तर पुण्या-नाशिकचा माणूस फारसा घाबरत नाही. जानेवारीचं सरासरी तापमान ५ अंशांच्या आसपास. बर्फ पडला तर पडला. सकाळचं आभाळ इतकं लख्ख की तोझाई लाइनची गाडी आराकावा नदीच्या पुलावर आली की डब्यातून फुजी दिसतो. खरी थंडी घरात असते. जुन्या इमारतींच्या भिंती पातळ, खिडक्यांना एकेरी काच आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट. अख्खं घर गरम ठेवण्याची पद्धतच नाही. ज्या खोलीत बसायचं तिथला एसी तापवायचा आणि उठताना बंद करायचा. होक्काइदोहून बदली होऊन आलेले आमच्या ऑफिसातले लोक इथे येऊन कुडकुडतात. त्यांच्याकडे बाहेर उणे दहा असलं तरी घरात माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसतात. इथे जानेवारीत सकाळी चहा टाकायला गेलं की स्वतःच्याच तोंडातून वाफ निघताना दिसते.

आणि त्याच घरात संडासाची सीट मात्र गरम असते. टेबलाखाली हीटर आणि वरून रजई अशी कोतात्सु नावाची सोय असते, तिच्यात कमरेखालचा माणूस एप्रिलमध्ये असतो आणि वरचा जानेवारीत. गाडीत बाकाखालून ऊब येते. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या यंत्रांत निळ्या पट्टीचे थंड आणि लाल पट्टीचे गरम डबे शेजारी शेजारी असतात, आणि गरम कॉफीचा डबा बरेच जण आधी दहा मिनिटं हातात धरतात, मग पितात. खोली कशाला तापवायची, माणूस तापवा, आणि तोही जिथे टेकतो तेवढाच, असा या शहराचा हिशेब आहे. काइरो, म्हणजे खिशात किंवा कपड्यावर बाळगायची उबेची पुडी, ही त्या हिशेबातली सगळ्यात छोटी आणि माझ्या मते सगळ्यात हुशार वस्तू.

ऑक्टोबर संपत आला की औषधांच्या दुकानांत डासांच्या अगरबत्त्या जातात आणि काइरोचे ढीग लागतात. चिकटवायचे आणि न चिकटवायचे अशी पहिली वाटणी. मग मोठे, छोटे, बुटात बोटांखाली ठेवायचे, चवड्याच्या आकाराचे. न चिकटवायचा खिशात ठेवायचा. चिकटवायचा आतल्या कपड्यावर, बाहेरच्या बाजूने लावायचा. तो कमरेवर लावावा की दोन खांद्यांच्या मध्ये, यावर माझ्या ऑफिसातल्या दोन ज्येष्ठ बायकांमध्ये दर हिवाळ्यात वाद होतो. मी कमरेच्या बाजूची. बोटं गार पडतात ती शरीर आपलं रक्त काळीज-पोट सांभाळायला आत ओढून घेतं म्हणून. धडाला ऊब मिळाली की शरीर जरा सैल पडतं आणि हातांकडे रक्त सोडतं. त्यामुळे हात गार पडलेल्या माणसाला पोटावर काइरो लाव म्हणणं दिसतं तितकं उफराटं नाही.

पाकीट फोडलं की आतून चहाच्या पुडीसारखी कापडी पिशवी निघते. तिच्यात लोखंडाची बारीक पूड, पाणी, मीठ, कोळशाची पूड आणि व्हर्मिक्युलाइट असतं. व्हर्मिक्युलाइट म्हणजे कुंडीतल्या मातीत ओल टिकावी म्हणून घालतात तेच हलकं, फुगलेलं खनिज. लोखंडाला हवा आणि ओल मिळाली की ते गंजतं, हे कोकणात घर असलेल्या कुणालाही सांगायला नको. गंजताना उष्णताही बाहेर पडते, पण खिडकीचा गज वर्षानुवर्षं सावकाश गंजतो, त्यामुळे ती कुणाला जाणवत नाही. लोखंडाची पूड केली की हवेला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड वाढतो. मीठ गंज लवकर चढवतं. कोळसा आपल्या बारीक छिद्रांत हवा धरून ठेवतो आणि व्हर्मिक्युलाइट पाणी धरून ठेवतं, म्हणजे पूड ओली असूनही चिखल होत नाही. वर्षांचं काम अर्ध्या दिवसात उरकतं.

खरी करामत मात्र पिशवीच्या कापडात आहे. त्याला असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून किती हवा आत जाईल यावर सगळं ठरतं. छिद्रं जास्त तर चटका बसेल आणि दोन तासांत खेळ संपेल, कमी तर कोमट राहील. बुटातला काइरो वेगळा बनवतात तो याचसाठी. बुटात हवा कमी, म्हणून त्याला ती जास्त ओढता येईल असा केलेला असतो, आणि म्हणूनच तो हातात धरून फिरू नये, नको इतका तापतो. फुजीच्या माथ्यावर, ३,७७६ मीटरांवर, हवाच विरळ असते. तिथे काइरोही मंदावतो. उलट, दुपारी काम झालं आणि काइरो अजून गरम आहे, तर तो हवाबंद पिशवीत घालून हवा दाबून काढायची. गंज थांबतो. संध्याकाळी बाहेर काढला की पुन्हा सुरू. ही युक्ती मला ऑफिसच्या इमारतीतल्या पहारेकऱ्याने सांगितली. तो दिवसभर उघड्यावर उभा असतो, त्यामुळे या विषयात मी त्याला प्राध्यापक मानते.

पाकिटाच्या मागे तीन आकडे छापलेले असतात: जास्तीत जास्त तापमान, सरासरी तापमान आणि किती तास. जास्तीत जास्त साठच्या पुढे, सरासरी पन्नासच्या आसपास, तास बारा किंवा वीस. हे तास म्हणजे ४० अंश किंवा त्याहून वर राहण्याचा काळ, आणि ते मोजायचे कसे हे जपानी औद्योगिक मानकात ठरवून दिलेलं आहे. खिशातल्या ऊबेलाही मानक असलेल्या देशात राहण्याचा मला कधी कधी कंटाळा येतो, पण वीस तास म्हणजे कसले वीस तास हे ग्राहकाला माहीत असणं मला आवडतं.

चिकटवायच्या काइरोची गंमत सकाळी गाडीत कळते. निशिकासाईत राहणारे आम्ही भारतीय बहुतेक तोझाई लाइनने ओतेमाची, निहोनबाशीकडे जातो. २००० सालच्या आसपास संगणकवाल्यांची जी पहिली लाट इथे आली, ती या लाइनमुळेच या भागात राहिली. २०१९ साली या लाइनवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली होती. त्या गर्दीत अंगावर कोट, चहूबाजूंनी माणसं, खालून बाकाची ऊब आणि कमरेवर ५३ अंशांचा काइरो. सोलून काढायला हात मागे न्यावा तर शेजाऱ्याच्या पोटात कोपर. ओतेमाचीपर्यंत घामाने निथळायचं आणि वर येऊन पुन्हा गारठायचं, हा इथला नित्याचा व्यायाम आहे.

हा टाकाऊ काइरो वाटतो तितका जुना नाही. १९७८ साली लोत्ते या च्युइंगम-चॉकलेटवाल्या घराण्याने ‘होकारोन’ नावाने तो देशभर विकायला आणला आणि तिथून तो घरोघर गेला. गोळ्या-बिस्किटवाल्यांचा याच्याशी काय संबंध, असं वाटेल. बिस्किटांच्या पाकिटात ‘खाऊ नका’ असं लिहिलेली जी पुडी असते, तिच्यातही बहुतेक वेळा लोखंडाची पूडच असते. ती गंजून पाकिटातला प्राणवायू खाऊन टाकते. त्या पुडीला आणि काइरोला एकच रसायन लागतं. लोत्तेचा संस्थापक शिन क्योक-हो कोरियातून इथे आलेला, आणि १९४८ साली त्याने तोक्योत ही कंपनी काढली. परमुलखातून आलेल्याला इथली थंडी जास्त जाणवली असेल, असं म्हणायचा मोह होतो, पण कोरियाची थंडी इथल्यापेक्षा कडक असते, तेव्हा राहू दे.

त्याआधी लोक काय करत? फार पूर्वी दगड तापवून, फडक्यात गुंडाळून किमोनोच्या छातीच्या घडीत ठेवत. एदो काळात धातूच्या डबीत कोळशाची आणि वनस्पतींच्या राखेची पूड पेटवून ती हळूहळू धुमसत ठेवण्याची रीत आली. कल्पना काश्मीरच्या कांगडीचीच, फक्त हातात मावेल एवढी. नंतर ओसाकाच्या मातोबा निइचीने १९२३ साली प्लॅटिनमचा काइरो काढला, आणि तो आजही ‘हाक्किन’ नावाने विकला जातो. त्याच वर्षी १ सप्टेंबरच्या भूकंपानंतरच्या आगीत तोक्यो-योकोहामा जळून गेलं, आणि त्याच वर्षी ज्वाळेशिवाय जळणारी वस्तू जन्माला आली, हा योगायोग मला नेहमी विचित्र वाटतो.

माझ्याकडे असा एक आहे. पितळेवर चकचकीत मुलामा दिलेली चपटी डबी, आत कापूस. कपड्यांवरचे डाग काढायला वापरतात त्या जातीचं शुद्ध, हलकं पेट्रोल मापाने ओतायचं, वर टोपण बसवायचं. टोपणात प्लॅटिनम लावलेल्या तंतूंची जाळी असते. तिला काडीने काही सेकंद तापवलं की काम सुरू. पेट्रोलची वाफ कापसातून वर येते आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हवेतल्या प्राणवायूशी जुळते. ज्वाळा नाही, धूर नाही. उरतो कार्बन डायऑक्साइड आणि थोडी पाण्याची वाफ. प्लॅटिनम स्वतः संपत नाही, ते नुसतं दोघांची गाठ घालून देतं. मग झाकण लावून फ्लॅनेलच्या पिशवीत घालायचा. एका मापात जवळजवळ बारा तास. बंद करायला बटण नाही. हवा तोडायची किंवा टोपण उपसायचं. कचरा होत नाही, उष्णता टाकाऊपेक्षा कितीतरी जास्त, आणि काड्यापेटी, माप, फ्लॅनेल असा सगळा सरंजाम करताना पूर्वीच्या लोकांना स्टोव्ह पेटवताना येत असेल तसा दिमाख येतो. वास मात्र येतो. गाडीत शेजारचा माणूस नाक उडवून इकडे तिकडे बघतो आणि मीही त्याच्याबरोबर इकडे तिकडे बघते.

बाकीचे दोन प्रकार मला फारसे भावले नाहीत. एक म्हणजे पारदर्शक पिशवीत द्रव आणि त्यात धातूची चकती. चकती टचकन वाकवली की द्रवाचे डोळ्यांदेखत स्फटिक होतात आणि पिशवी गरम होते. आत सोडियम अ‍ॅसिटेट असतं. ते ५८ अंशांना वितळतं, आणि हळूच थंड केलं तर गोठायचंच विसरून जातं. चकतीने धक्का दिला की सगळं एकदम आठवतं आणि वितळताना घेतलेली उष्णता परत करतं. उकळत्या पाण्यात घातली की पुन्हा तयार. मुलांना दाखवायला उत्तम, पण अर्धा-पाऊण तासात थंड. दुसरा विजेवर चार्ज होणारा. सान्योने २००६ साली आणला, आता डझनभर कंपन्यांचे मिळतात. बॅटरी, तापणारी पट्टी आणि तापमान राखणारं सर्किट. नीटनेटका, सभ्य. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि हीच त्याची अडचण.

गेल्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. तिने घरात बसून दोन शाली गुंडाळल्या, तेव्हा मी तिला काइरो दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

‘‘आत काय घातलंय गं?’’

‘‘लोखंडाची पूड आणि मीठ, आई. गंजतं ते.’’

‘‘गंज चढायला पैसे देता होय तुम्ही!’’

पण दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी उठल्या उठल्या काइरो मागायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी शेकायच्या मीठ-वाळूच्या पुरचुंडीपेक्षा हे बरं, असं तिने साताऱ्याला मावशीला फोनवर सांगितलंही. त्याच रात्री ती तो गुडघ्याला बांधून झोपायला निघाली, तेव्हा मात्र मी आडवी आले. इथे ज्याला कमी तापमानाचं भाजणं म्हणतात त्याचा इशारा प्रत्येक पाकिटावर असतो. ४४ अंश म्हणजे हाताला सुखद वाटणारी ऊब, पण तीच एका जागी काही तास राहिली तर कातडी भाजते, आणि आतपर्यंत भाजते. ५० अंशांना दोन-तीन मिनिटं पुरतात. विस्तवाचा चटका बसला की हात आपोआप मागे येतो. इथे आराम वाटत असतो, त्यामुळे मागे यायला काही कारणच नसतं. झोपेत नाही, कोतात्सुत नाही, उघड्या कातडीवर नाही, आणि ज्यांना मधुमेहाने पायाची संवेदना कमी आहे त्यांनी तर विशेष जपून. आईला मधुमेह आहे. तिने ऐकलं, पण चेहरा असा केला की गंजाची काय ती भीती.

वापरलेल्या काइरोचं काय करायचं हा वेगळा अध्याय. आत घट्ट खडा होतो. तो जळणाऱ्या कचऱ्यात की न जळणाऱ्यात, हे तुम्ही कुठे राहता यावर अवलंबून असतं. वेगवेगळ्या प्रभागांची आणि शहरांची उत्तरं वेगवेगळी, आणि चुकीच्या दिवशी ठेवला तर पिशवी दारात तशीच राहते. महिन्याकाठी मूठभर लोखंड असं फेकताना मला बरं वाटत नाही, म्हणूनच ती पेट्रोलची डबी घेतली. पण भूकंपासाठी भरून ठेवलेल्या पिशवीत मी टाकाऊच ठेवते. वीज गेली, गॅस बंद, काडी पेटवणं धोक्याचं, अशा वेळी फक्त हवा लागणारी ऊब दुसरी कुठे मिळणार? २०२४ च्या १ जानेवारीला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तो ऐन हिवाळ्यात. त्यानंतर मी पिशवीतल्या काइरोंची मुदत दर शरद ऋतूत तपासते. संपत आलेले काढून वापरते, नवे भरते.

आई परत गेली आणि मागण्या सुरू झाल्या. मावशीला गुडघ्याला, शेजारच्या काकांना पाठीला, आत्याच्या जावयाला महाबळेश्वरच्या सहलीला. पेट्रोल विमानात नेता येत नाही, बॅटरीचे हातातल्या सामानात न्यावे लागतात. टाकाऊंचं असं काही लोढणं नाही, म्हणून फेब्रुवारीअखेर दुकानांत ते स्वस्त झाले की मी तेच घेते. पाकिटांवरचं सगळं जपानी. सध्या रोज रात्री ‘बांधून झोपू नये’ असं मराठीत लिहिलेल्या चिठ्ठ्या एकेका पाकिटावर डकवत बसते. मावशीच्या पाकिटांवर दोन-दोन.