आठ झडपांतील एक

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध काकांना आठवड्यातून तीनदा डायालिसिससाठी न्यावे लागते. परवा आम्ही सोबतीस गेलो, तर त्यांचे यंत्र बंद. दुसरे रिकामे नव्हते.

या यंत्रात कृत्रिम मूत्रपिंडातून, रक्ताच्या पलीकडच्या अंगाने, मिनिटाला सुमारे अर्धा लिटर द्रावण वाहते. चार तासांत 120 लिटर. जितके आत गेले तितकेच बाहेर यावे, हा हिशेब समतोल-कक्षाच्या विजेवर चालणाऱ्या झडपा राखतात. या यंत्रात त्या आठ होत्या. एक जरी गळली, तरी रुग्णाच्या अंगातून पाणी नेमके किती काढले, याचा भरवसा उरत नाही.

"सगळ्याच बदला की!" आम्ही अधीरतेने म्हणालो. (ही घाई आम्हांस प्रवचनातही नडते.)

"फादर, दोष कुणाचा ते आधी कळायला हवे," तरुण तंत्रज्ञ म्हणाला. आराखडा पसरून त्याने एकेक झडप चालवली, तिची टिचकी कान देऊन ऐकली, कॉइलचा रोध मोजला. सर्व ठीक! मग दाब कोंडून पाहिला; तो हळूहळू उतरत होता. सहावी झडप मिटूनही पाझरत होती. उघडल्यावर तिच्या बैठकीवर क्षारांचा पातळ पांढरा थर दिसला. नवी झडप बसवून त्याने यंत्र निर्जंतुक केले, धुतले, पुन्हा सर्व चाचण्या घेतल्या. दोन तास गेले.

काका वजनकाट्यावर उभे राहिले. सुजलेली पावले चपलेत मावत नव्हती.

"आता हिशेब जमेल ना?" त्यांनी विचारले.

तंत्रज्ञाने सिस्टरना खूण केली.