गच्चीचा कठडा आणि हिरवी तार

नव्या घराच्या आशीर्वादासाठी धर्मगुरूला बोलावणे येते ते घर पूर्ण झाल्यावर. भिंतींना रंग लागलेला असतो, दाराला झेंडूचे तोरण असते, स्वयंपाकघरातून तळणाचा वास येत असतो. आम्ही पवित्र पाणी शिंपडीत खोल्याखोल्यांतून फिरतो. पण घरातील माणसांचे प्राण ज्यांवर अवलंबून असतात अशा काही गोष्टी तोवर गिलाव्याआड गेलेल्या असतात. म्हणून अलीकडे आम्ही एक प्रघात पाडला आहे. धर्मग्रामात कोणी घर बांधायला काढले, की स्लॅब पडण्यापूर्वी एकदा तेथे जाऊन यावयाचे. प्रार्थना तर होतेच. पण शिडीने वर चढून, सळयांच्या जाळीतून गेलेल्या विजेच्या नळ्याही आम्ही पाहतो. काहींना याचे हसू येते. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकविले गेले. नळीचे माप मात्र शाळेच्या इमारतीचे काम अंगावर पडले तेव्हा मिस्त्र्यांकडून शिकावे लागले.

घर बांधण्याचा विषय निघाला की प्रवचनात हटकून संत लूकच्या शुभवर्तमानातील बुरूज येतो. बांधायला घेण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणारा तो मनुष्य आम्हीही पुष्कळदा सांगितला आहे. पण आमच्या मनात अधिक रुतून बसली आहे ती जुन्या करारातील एक साधी आज्ञा. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, आठव्या ओवीत, मोशेचे नियमशास्त्र सांगते की नवे घर बांधशील तेव्हा त्याच्या धाब्याला कठडा कर. कोणी तेथून पडले तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. केवढी व्यवहारी आज्ञा! त्या देशात लोक धाब्यावर झोपत, धान्य वाळवीत, पाहुण्यांना तेथेच बसवीत. कठड्यावाचून घराचे काही अडत नव्हते. छप्पर तसेच उभे राहिले असते. कठडा होता तो कधीतरी तोल जाणाऱ्या एखाद्या माणसासाठी.

आपल्या जिल्ह्यातील जुन्या घरांत लपवाछपवी फारशी नसे. सेवाग्रामची बापूकुटी पाहा. १९३६ साली गांधीजी शेगावला राहावयास आले, तेव्हा घरासाठी शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊ नये आणि सामान आसपासचेच असावे अशी त्यांची अट होती. माती, बांबू, लाकूड, वर कवेलू. त्या भिंतीत काय आहे हे लहान मुलालाही सांगता येते. पुढे तेथे सरकारने दूरध्वनी बसविला, त्याची पेटी आश्रमात आजही पाहावयास मिळते. आमच्या लहानपणी वीज घराघरांत आली तीही उघड्यानेच, लाकडी पट्टीवर खिळलेल्या तारांच्या रूपाने. ते काही शोभिवंत नव्हते, पण कोठली तार कुठे जाते हे घरातल्या म्हातारीलाही ठाऊक असे. सिमेंटचे घर आले आणि तारा भिंतीत शिरल्या.

स्लॅबची गोष्ट अशी की तिथे दुसरी संधी नसते. सेंट्रिंग झाले, सळई बांधून झाली, की पंख्यांचे डबे आणि पीव्हीसीच्या नळ्या जाळीला तारेने बांधावयाच्या. डब्यांत ओला कागद कोंबावयाचा, नाही तर गिट्टी-सिमेंट आत जाऊन बसते. मग काँक्रीट पडते आणि विषय संपतो. भिंतीत नंतर झिरी मारता येते, स्लॅबला छिन्नी लावणे म्हणजे घराच्या हाडांना हात घालणे होय. म्हणून कोण कोठे झोपणार, शिलाई यंत्र कोठे राहणार, वेदीचा दिवा कोठे, हे त्या दिवसापूर्वी ठरावे लागते. आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात सर्वांत आधी ठरले पाहिजे ते हे, की कूलर कोणत्या खिडकीत लागणार.

मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या या मुलखात कूलर ही चैन नव्हे. पण नकाशात त्याला जागा नसते. उन्हाळा लागला की तो खिडकीशी येतो, जवळ प्लग नसतो, मग लांब वायरीचा बोर्ड फरशीवर येतो. त्याच फरशीवर टाकीतले पाणी सांडत असते. कूलरचे अंग पत्र्याचे, आत पंप पाण्यात बुडालेला. पंपाच्या तारेवरचे रबर उकलले, की पत्र्यात वीज उतरते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातच आम्ही अकरा वर्षांच्या एका मुलाचा अंत्यविधी केला. घर नवे होते, रंगही नवा. दुपारी आई निजलेली पाहून तो आपण होऊन कूलरमध्ये पाणी भरावयास गेला होता. पाय अनवाणी, खाली ओल. शेजाऱ्यांनी आम्हांला नंतर सांगितले, की धावत येऊन बटण बंद करीपर्यंत कूलरचा पंखा फिरतच होता. घरात एमसीबी बसविलेल्या होत्या. मुलाचे वडील आम्हांला पुनःपुन्हा हेच विचारीत होते, की मग ती पडली का नाही?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरमालकाला ठाऊक असावयास हवे. एमसीबी तारेला वाचविते, माणसाला नव्हे. सहा किंवा सोळा अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू लागला तर तार तापून आग लागू नये, एवढेच तिचे काम. २३० व्होल्टला ओल्या शरीरातून जातो तो प्रवाह एक-दोन दशांश अँपिअरचा. हृदय थांबावयास तेवढा पुरतो आणि एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. माणसासाठी दोन गोष्टी लागतात. एक हिरवी तार, म्हणजे अर्थिंग, जी पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेते. दुसरी आरसीसीबी, गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह ती ताडून पाहते आणि तीस मिलिअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या तीन शतांशांचा, फरक पडला तरी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत वीज तोडते.

दोन्ही का, एक का नाही, हे आम्हांला एका वयस्कर वायरमनने समजावून दिले. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. अडीच मीटरचा जस्ताळलेला पाइप, भोवती कोळसा आणि जाडे मीठ घालून केलेला खड्डाही पाणी न मिळाल्यास कोरडा पडतो, आणि तो कोरडा पडतो नेमका कूलरच्या ऋतूत. समजा त्याचा रोध वीस ओहम झाला. मग २३० व्होल्टला वाहणार साडेअकरा अँपिअर. सोळाची एमसीबी जागची हलणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. आरसीसीबीला मात्र अशा कोरड्या खड्ड्याकडे जाणारा प्रवाहही पुरतो. उलट आरसीसीबी आहे पण हिरवी तार नाही, तर ती पडेल खरी, पण कोणीतरी हात लावल्यावर.

यंदा ज्या घरी आम्ही गेलो ते गृहस्थ सूतगिरणीत नोकरीला, पत्नी रुग्णालयात परिचारिका, घरात म्हातारी आई आणि दोन मुले. पैसा मोजून आणलेला. दिवाणखान्यात फॉल्स सीलिंग आणि त्यात दिव्यांची रांग हवी, ही गृहस्थांची हौस. ती मोठी आहे असे आम्हांला वाटत नाही. आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्याने एवढी हौस करू नये तर काय करावे? पण खर्चाची मोट बांधताना त्यांनी अर्थिंगचा खड्डा आणि आरसीसीबी गाळली होती. वायरिंग करणारा तरुणही त्यांच्याच बाजूचा.

"अर्थिंग कोण पाह्यते जी, फादर?" तो म्हणाला. "लाइट तर त्याच्याबिना बी लागते."

ते खरे होते, आणि तीच तर अडचण आहे. वापरातल्या तारेचे काम रोज दिसते. हिरव्या तारेतून चांगल्या दिवशी काहीच वाहत नाही. तिच्यावर पैसे वाचविले तर घर वर्षानुवर्षे तक्रार करीत नाही. आम्ही नियमशास्त्रातील कठड्याचे सांगितले. गृहस्थ आदराने ऐकून घेत होते, म्हणजे मानत नव्हते. तेवढ्यात रात्रपाळी करून आलेल्या त्यांच्या पत्नी पिशवी खाली ठेवीत म्हणाल्या, "फादर, मे महिन्यात अपघात विभागात ड्यूटीला मी असते. छताचे दिवे पुढच्या वर्षी." मग पतीकडे वळून, "अहो, खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ घ्या, म्हणजे पाणी घालायची आठवण ठेवायला नको." आम्हांला पुढे बोलण्याचे कारणच उरले नाही. वायरमन मात्र ठासून म्हणाला की साबणाचे पाणी नको, पाइपावर नरसाळे बसवून साधे पाणीच घाला. आणि यात तो बरोबर होता.

त्यानंतरची दुपार फार चांगली गेली. कोळशाने विटांवर खुणा झाल्या. कूलरच्या खिडकीशी तीन पिनांचा स्वतंत्र प्लग, त्याला अडीच चौरस मिलिमीटरची तार. आजीच्या खाटेशी हाताला येईल असे बटण. जिन्याला वर-खाली दोन्हीकडून चालणारे. जेथे तारा अधिक तेथे वीसऐवजी पंचवीस मिलिमीटरची नळी, कारण कोंबून भरलेल्या नळीतून नंतर एक तारही ओढता येत नाही. इंटरनेटच्या केबलसाठी विजेपासून वेगळी नळी. आणि गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामी नळी, आत नुसती ओढतार घालून. २०२४ साली घराच्या छतावरील सौरविजेची केंद्राची योजना आल्यापासून आमच्या गल्लीतही पॅनेले दिसू लागली आहेत, आणि आज ना उद्या त्यांच्याही छतावर ती येतील. हिरवी तार दुसऱ्या कशासाठीही वापरायची नाही, असे त्या तरुणाकडून आम्ही कबूल करून घेतले. लाल संपली म्हणून बटणाला हिरवी जोडण्याची खोड अनेकांना असते, आणि पुढे दुरुस्तीला येणारा माणूस तिला निर्धोक समजून हात घालतो.

गिलाव्यापूर्वी थोरल्या मुलीने प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढले आणि वहीच्या दोन पानांवर नळ्यांचा नकाशा काढून जमिनीपासूनची मापे लिहिली. मागच्या रविवारी मिस्सानंतर त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा वेदीसाठी खिळा कोठे ठोकावा याचा खल चालला होता. ती पाने मुलांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांच्या फायलीतून निघाली. नकाशाच्या कोपऱ्यात आजीने दूधवाल्याचा हिशेब लिहून ठेवला होता. खिळ्याची जागा एक वीत डावीकडे सरकली.